ऊसतोडणी यंत्र आणि शेतातले सेन्सर: शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गळीत हंगाम तोंडावर आला की हार्वेस्टरबद्दल विचारणा वाढते, आणि हंगाम संपून पाण्याची ओढ सुरू झाली की सेन्सरबद्दल. कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर, अहिल्यानगर, बीड, लातूरपर्यंतच्या ऊस उत्पादकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बरीच उत्तरं फिरून लावणीपाशीच येतात, म्हणून तोडणीला वर्ष-दीड वर्ष असताना हे वाचलंत तर फायदा जास्त.

तोडणी मजुरांची टोळी मिळत नाही. यंदाचा ऊस हार्वेस्टरने तोडता येईल का?

सरी किती फुटी आहे, म्हणजे उसाच्या दोन ओळींत किती अंतर आहे, ते आधी मोजा. तीन किंवा साडेतीन फुटी सरी असेल तर यंदा नाही. हार्वेस्टर एका ओळीवर उभं राहून चालतं आणि त्याची चाकं शेजारच्या सऱ्यांतून जातात. सरी अरुंद असली की चाक शेजारच्या ओळीच्या बेटांवर, म्हणजे उसाच्या बुंध्यांच्या झुबक्यांवर, चढतं. मग आजचा ऊस चिरडतो आणि पुढचा खोडवाही, म्हणजे तोडलेल्या बुडातून फुटणारं पुढचं पीकही, हातचं जातं. कारखान्याच्या शेती विभागाने किंवा यंत्रमालकाने "बसवून घेऊ" म्हटलं, तरी अशा शेतात यंत्र घालू देऊ नका. त्यांचं काम तासाभरात संपतं, तुमच्या शेतातला खोडवा पुढचं वर्षभर राहणार असतो.

सरी साडेचार-पाच फुटी असेल, यंत्र वळायला जागा असेल आणि जमीन वाफशावर, म्हणजे ओल मुरून चाक न रुतण्याइतकी, असेल, तर कारखान्याच्या गट ऑफिसला आजच सांगून ठेवा. यंत्राचा कार्यक्रम टोळीसारखा एकेका शेतकऱ्याला धरून लागत नाही. जवळजवळची पाच-दहा शेतं एकत्र धरून तो लावला जातो.

हे यंत्र शेतात नेमकं काय करतं?

वरचा टॉपर शेंडा, म्हणजे वाढं, छाटून बाजूला फेकतो. पुढचे दोन फिरते सुळके ओळीतला आणि आडवा पडलेला ऊस उचलून आत घेतात. खाली जमिनीलगत दोन फिरत्या तबकड्यांना पाती बसवलेली असतात, तो बेस कटर. तिथे कापलेला ऊस रोलरवरून मागे जातो, त्याच्या वीतभर लांबीच्या कांड्या होतात, मोठा पंखा पाचट, म्हणजे वाळलेली पानं, उडवून देतो आणि कांड्या पट्ट्यावरून शेजारी चालणाऱ्या इनफिल्डरमध्ये, म्हणजे ट्रॅक्टरने ओढायच्या डब्यात, पडतात. इनफिल्डर भरला की बांधावर उभ्या असलेल्या ट्रक किंवा ट्रॉलीत रिकामा होतो. मोळी बांधणं नाही आणि डोक्यावरून भरणीही नाही.

आपल्याकडची यंत्रं व्यवस्थित चालली तर दिवसाला साधारण १०० ते १५० टन ऊस तोडतात. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसभर राबून दोनेक टन तोडते.

पाच फुटी सरी केली तर ओळी कमी होतात. उत्पादन घटणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर नीट आकडेमोड करूनच दिलं पाहिजे.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तीन फुटी सरीत एकरात १४,५२० फूट लांबीची ओळ बसते, साडेचार फुटी सरीत ९,६८० फूट आणि पाच फुटी सरीत ८,७१२ फूट. एकरी ४०,००० गाळपालायक ऊस हे लक्ष्य धरलं, तर तीन फुटी सरीत दर फुटाला पावणेतीन ऊस लागतात, साडेचार फुटी सरीत चारच्या थोडे वर आणि पाच फुटी सरीत साडेचारच्या थोडे वर. एकेक ऊस दीड किलोचा भरला तरी हे ६० टन झाले.

तेव्हा ओळ कमी झाली म्हणजे उत्पादन कमी झालं, असं नाही. फुटाला चार-साडेचार जोमदार ऊस उभे करायची जबाबदारी मात्र तुमच्यावर येते. रुंद सरीत ऊन आणि हवा बुडापर्यंत पोचते, फुटवे कमी मरतात, ऊस जाड होतो. पण ते आपोआप होत नाही. रोप लावण, नांग्या (न उगवलेल्या जागा) वेळेवर भरणं, जेठा (पहिला मुख्य) कोंब काढणं, बाळबांधणी (उसाला पहिली माती लावणं) वेळेत करणं, हे सगळं त्यात आलं. सरी पाच फुटी केली आणि बाकी सगळं पूर्वीसारखंच ठेवलं, तर उत्पादन नक्की घटेल, आणि त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही. पहिल्यांदाच सरी बदलणाऱ्यांना मी साडेचार फूट सुचवतो.

अडीच-पाच फुटी पट्टा पद्धत यंत्राला अडचणीची ठरते. अडीच फुटांवरच्या दोन ओळी एकाच वेळी यंत्राच्या तोंडात नीट मावत नाहीत, आणि एक ओळ धरली की चाक दुसरीवर जातं. जोडओळच हवी असेल तर दोन ओळींतलं अंतर फूट-सव्वा फुटाच्या आत ठेवून जोड्यांमध्ये पाच-सहा फुटांची मोकळी सरी सोडा.

लावणीपासून आणखी काय तयारी लागते?

सरी शक्य तेवढी लांब आणि सरळ काढा. यंत्राचा बराच वेळ वळण्यात जातो, शंभर फुटांच्या सरीत तर निम्मा वेळ वळणातच जातो. दोन्ही टोकांना पंधरा-वीस फूट जागा मोकळी ठेवा, किंवा तिथे आधी निघणारं पीक घ्या. दगड वेचून काढा. काळ्या जमिनीतला एक गोटा बेस कटरची पाती बोथट करायला पुरतो आणि पुढची सगळी बेटं त्या बोथट पात्याखाली जातात.

मोठी बांधणी सगळीकडे एकाच उंचीची हवी. एका ठिकाणी वरंबा नऊ इंच आणि दुसरीकडे चार इंच असेल तर ऑपरेटर कितीही चांगला असला तरी पातं कुठेतरी मातीत घुसणार आणि कुठेतरी बुडखा उंच राहणार. ठिबकच्या नळ्या वर असतील तर तोडणीआधी गुंडाळून घ्या. विहिरीचा पाइप, व्हॉल्व्ह, मोजणीचा दगड, विजेच्या खांबाचा ताण, यांच्याजवळ उंच काठीला फडकं बांधून ठेवा. बारा फुटी उसात यातलं काही ऑपरेटरला दिसत नाही.

माझं शेत वीस गुंठ्यांचं आहे. यंत्र येईल का?

एकट्यासाठी येणार नाही. शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून एकच जात, एकाच पंधरवड्यात, एकाच दिशेच्या सऱ्या काढून लावली, तर येईल. बांध मोडायची गरज नाही, सरीची दिशा आणि टोकाची वळायची जागा सामाईक झाली की पुरे. भावकीत हे जमवणं अवघड असतं, याची कल्पना आहे. पण लहान शेतकऱ्यापर्यंत यंत्र पोचायचा आज हाच खरा रस्ता आहे. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला, मध्ये घालून सगळ्यांच्या नोंदी एकाच तारखेच्या आसपास करून घ्या, म्हणजे तोडणीचा कार्यक्रमही एकत्र लागेल.

आडसाली (दीड वर्षाचा) ऊस लोळला तर?

लोळलेला ऊस यंत्र उचलतं, पण हळू. शिवाय पाचट, माती आणि मुळांसकट बेटं आत जातात. सगळा ऊस सरीच्या दिशेने एकाच बाजूला पडला असेल तर निभावतं. दोन्ही बाजूंना पडून गुंता झाला असेल तर कोयताच बरा. आडसालीत यंत्राने तोडायचं ठरवलं असेल तर नत्राचा शेवटचा हप्ता उशिरा देऊ नका, मोठी बांधणी भक्कम करा आणि न लोळणारी जात निवडा.

कारखाना यंत्राच्या उसाला वजावट लावतो. ती योग्य आहे का?

पंख्याने कितीही पाचट उडवलं तरी थोडं कांड्यांसोबत जातंच. त्यापोटी बरेच कारखाने ४.५ ते ५ टक्के वजन कापतात. एकरी ५० टन ऊस असेल तर ४.५ टक्क्यांनी सव्वादोन टन झाले. टनाला ३,००० रुपये धरले तरी ६,७५० रुपये. रक्कम लहान नाही, आणि शेतकरी संघटना तिच्यावर आक्षेप घेतात ते रास्तच आहे.

माझं मत असं की सरसकट टक्का हाच मुळात अन्याय आहे. उभा, स्वच्छ, पाचट काढलेला ऊस आणि लोळलेला, मातीने भरलेला ऊस या दोघांना एकच वजावट का? गव्हाणीवर, म्हणजे कारखान्यात ऊस गाळपाला टाकतात तिथे, येणाऱ्या गाडीतून नमुना घेऊन प्रत्यक्ष पाचट किती ते मोजता येतं. खर्च फार नाही, फक्त करायची तयारी हवी. कारखान्याच्या वार्षिक सभेत हा मुद्दा मांडा.

दुसरी बाजूही हिशोबात धरा. मजूर बुडखा दोन-चार इंच वर ठेवून तोडतात आणि साखर बुडाच्या कांड्यांतच जास्त असते. यंत्र जमिनीलगत कापतं, ते वजन तुमच्या पदरात पडतं. टोळीला द्यावी लागणारी खुशाली, जेवणं, ट्रॅक्टरवाल्याची एंट्री (खेपेमागे मागितले जाणारे पैसे), हा खर्चही वाचतो. माझ्या अंदाजाने चांगल्या शेतात या दोन बाजू जवळपास जुळतात. वाईट शेतात शेतकऱ्याचा तोटा होतो.

कांड्या केलेला ऊस लवकर खराब होतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. अखंड उसाला दोन कापलेली तोंडं असतात, कांड्या केल्यावर ती कितीतरी पटीने वाढतात. तिथून जिवाणू शिरतात आणि साखरेचं डेक्स्ट्रान बनतं. उतारा तर घटतोच, शिवाय कारखान्यात रस गाळायलाही त्रास होतो. कांड्या २४ तासांच्या आत गव्हाणीत पडल्या पाहिजेत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. तुमच्या दृष्टीने यात एक फायदा आहे. तोडलेला ऊस फडात दोन दिवस पडून वाळत नाही, त्याच दिवशी काट्यावर जातो आणि वजनाची घट टळते.

यंत्राने तोडलेल्या उसाचा खोडवा येतो का?

येतो, आणि नीट तोडणी झाली असेल तर कोयत्याच्या तोडणीपेक्षा सरस येतो. कोयत्याने बुडखा उंच राहिला की वरच्या डोळ्यांतून कोंब फुटतात, त्यांची मुळं मातीत उतरत नाहीत आणि ते कमजोर राहतात. म्हणून तर आपण मजूर लावून बुडखे छाटतो. यंत्र जमिनीलगत कापतं, त्यामुळे कोंब मातीच्या आतून येतात.

अट एकच, पाती धारदार हवीत. बोथट पातं ऊस कापत नाही, फाडतं. फाटलेल्या बुडख्यात बुरशी शिरते, बेट हलतं, आणि महिन्याभराने शेतात तुटाळ, म्हणजे मोकळ्या जागा, दिसू लागते. यंत्र शेतात आलं की पहिल्या वीस-पंचवीस फुटांनंतर ते थांबवायला सांगा आणि खाली वाकून बुडखे बघा. काप गुळगुळीत आहे का? बुडख्याला उभी चीर गेली आहे का? बेट हाताने हलतंय का? चीर दिसली तर पाती बदलल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. ऑपरेटरला टनावर पैसे मिळतात, त्याला घाई असते. पण पाती बदलायला फार वेळ लागत नाही आणि तो वेळ मागायचा तुम्हाला हक्क आहे.

तोडणीनंतर आठ-पंधरा दिवसांत पहिलं पाणी द्या. तुटाळ दिसली तर वाट न बघता पिशवीतल्या रोपांनी भरून घ्या. अशी रोपं तोडणीच्या आधीच महिनाभर तयार करून ठेवली तर घाई होत नाही.

एवढ्या वजनाने जमीन दबते का?

ओल्या जमिनीत दबते, आणि काळ्या जमिनीत ते वर्षानुवर्षं निघत नाही. हार्वेस्टरपेक्षाही भरलेला इनफिल्डर जास्त नुकसान करतो, कारण तो त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो. तोडणीआधी काळ्या जमिनीत निदान तीन आठवडे आणि हलक्या जमिनीत दोन आठवडे पाणी तोडा. अवकाळी पाऊस झाला तर तारीख गेली तरी चालेल, वाफसा येईपर्यंत थांबा. चाकं कायम त्याच सऱ्यांतून जातात का, यावर लक्ष ठेवा. पाच फुटी सरीत चाक सरीतच राहतं आणि मुळांचा पट्टा वाचतो, रुंद सरीचा मला पटलेला सर्वांत मोठा फायदा हाच. खोडव्यात बगला फोडताना नांगराचा फाळ त्या दबलेल्या सरीत खोल घाला.

पाचट आणि वाढ्याचं काय होतं?

पाचट बारीक होऊन शेतभर पसरतं, ते पेटवायचं काही कारण उरत नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी दिलं की ते जागेवर कुजतं, तण दबतं आणि पाण्याची एखादी पाळी वाचते. पाचट बुडख्यावर जाड पडलं असेल तर तेवढं सरीत ओढून घ्या, म्हणजे कोंबांना उजेड मिळेल.

वाढ्याचं नुकसान मात्र खरं आहे. दावणीला जनावरं असतील तर हार्वेस्टरनंतर सगळी वाढी गोळा करणं जमत नाही, बरीच चाकाखाली जातात. काही जण यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी कडेच्या चार-सहा ओळी हाताने तोडून वाढी काढून घेतात. त्याने वळायला जागाही होते. दूधधंद्यावर घर चालत असेल, तर यंत्राने तोडायचं ठरवण्याआधी त्या महिन्यांच्या वैरणीची सोय करून ठेवा.

गटाने मिळून हार्वेस्टर विकत घ्यावा का?

नव्या यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते, वर इनफिल्डर आणि ते ओढणारे ट्रॅक्टर वेगळे. राज्य सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून ठेवली होती आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून घेतले होते. सध्या लक्ष्यांक शिल्लक आहे का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारूनच बँकेत जा. अनुदान गृहीत धरून कर्ज काढू नका, कारण रक्कम नंतर येते आणि हप्ता आधी सुरू होतो.

कारखान्याकडून हंगामात किती टनांचं काम मिळेल ते लेखी घेतल्याशिवाय यंत्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा. त्यातले पावसाचे, बिघाडाचे आणि गव्हाण बंद असल्याचे दिवस वजा करा. यंत्र तोडत असतं तेव्हाच पैसा येतो, आणि कारखान्यात गाड्या अडकल्या की इनफिल्डर रिकामे होत नाहीत आणि यंत्र उभं राहतं. सुट्या भागांचा साठा आणि चांगला मेकॅनिक किती अंतरावर आहे हे यंत्राच्या रंगापेक्षा आणि अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचं. ऑपरेटर स्वतःच्या गटातलाच तयार करा.

सेन्सर घ्यायचा तर पहिला कोणता?

खिशाला परवडणारं आणि रोज उपयोगी पडणारं साधन म्हणजे ब्रिक्स मीटर, म्हणजे रसाची गोडी मोजणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर. दोनेक हजारांत मिळतो. वरच्या आणि खालच्या कांड्यांचा रस तपासा. दोन्हींतला फरक मिटत आला की ऊस पक्व झाला. कोणता प्लॉट आधी तोडायचा हे गट ऑफिसशी बोलताना हा आकडा हातात असला की तुमचं म्हणणं वजनदार होतं.

त्यानंतर जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर. हवामान केंद्र सगळ्यात शेवटी, तेही चार-पाच जणांत मिळून.

ओलाव्याचा सेन्सर काळ्या जमिनीत खरा आकडा दाखवतो का?

काळजी घेतली तर दाखवतो. काळी जमीन वाळली की भेगा पडतात. सेन्सरला लागून भेग पडली की त्याच्याभोवती हवा राहते आणि शेत ओलं असतानाही तो कोरडं दाखवतो. म्हणून बसवताना खड्ड्यातल्याच मातीचा चिखल करून सेन्सरभोवती घट्ट भरा आणि दोन-तीन पाणी होईपर्यंत आकड्यांवर विश्वास ठेवू नका. चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) किंवा क्षारयुक्त जमिनीत विजेवर चालणारे स्वस्त सेन्सर ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. तिथे टेन्शिओमीटर चांगला, कारण मुळांना पाणी ओढायला किती जोर लागतो तेच तो मोजतो.

सेन्सर दोन खोलींवर हवेत, एक वीतभर खाली आणि दुसरा दीड फुटावर. वरचा सुकला आणि खालचा ओला असेल तर पाण्याची घाई नाही. पाणी दिल्यावर खालचा आकडा लगेच वर गेला, तर पाणी आणि त्यासोबत युरिया मुळांच्या खाली चाललाय.

कंपनीने दिलेल्या पत्रकातल्या टक्केवारीवर जाऊ नका, तो आकडा तुमच्या मातीचा नसतो. भरपूर पाणी द्या, आणि ज्या दिवशी मूठभर माती दाबल्यावर तुमचा हात "वाफसा आला" म्हणतो, त्या दिवशीचा आकडा वहीत लिहा. मग पाणी लांबवा आणि दुपारी पानं गुंडाळायला लागतील त्या दिवशीचा आकडा लिहा. या दोन आकड्यांच्या मधला, वाफशाच्या बाजूचा अर्धा भाग म्हणजे तुमचा पाणी द्यायचा पट्टा. एका हंगामात हे जमतं, आणि मग तो सेन्सर खऱ्या अर्थाने तुमच्या शेताचा होतो.

उपग्रहाचे हिरवे-लाल नकाशे किती विश्वासाचे?

बहुतेक अॅप युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची मोफत चित्रं वापरतात. त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा एक ठिपका म्हणजे जवळपास एक गुंठा, एकराला चाळीस ठिपके. चौकोनी दोन एकरांत हे चांगलं काम देतं. वीस मीटर रुंदीच्या लांबट पट्टीत मात्र बहुतेक प्रत्येक ठिपक्यात शेजाऱ्याचं पीक किंवा बांध मिसळलेला असतो, त्या नकाशावरून निर्णय घेऊ नका.

उपग्रह दर पाच दिवसांनी येतो, पण जून ते सप्टेंबर ढग असतात आणि कित्येक आठवडे चित्रच मिळत नाही. दुसरी अडचण एनडीव्हीआय या पिकाचा हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकाची आहे. ऊस दाट झाला की हा आकडा वर जाऊन तिथेच थांबतो, चांगला आणि उत्तम यांतला फरक त्यात दिसत नाही. त्याचा खरा उपयोग दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात होतो. उगवण कुठे विरळ झाली, पाणी कुठे साचतं, चोपण कुठे वाढतंय, हे बांधावरून न दिसणारं तेव्हा दिसतं. लाल ठिपका दिसला की तिथपर्यंत चालत जा. कारण हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे की तुंबलेला ड्रिपर, ते उपग्रहाला सांगता येत नाही.

बारामतीच्या एआय उसाबद्दल ऐकलं. आपणही घ्यावं का?

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सोबतीने हे काम उभं केलं. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचा उल्लेख केल्यावर देशभर चर्चा झाली. राज्य सरकारनेही २०२५ ते २०२९ साठी महाअॅग्री-एआय धोरण आणलं आहे. उपग्रहाची चित्रं, शेतातलं हवामान केंद्र, मातीतले सेन्सर आणि माती परीक्षण एकत्र करून पाणी, खत आणि रोग-किडीचा सल्ला मोबाइलवर मराठीत द्यायचा, अशी ही पद्धत आहे.

शक्य असेल तर जाऊन प्लॉट बघा, मनापासून सांगतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्या प्लॉटमध्ये एआयसोबत रोप लावण, रुंद सरी, ठिबक, माती परीक्षणानुसार खत आणि वेळच्या वेळी काम हेही आहे. त्यातल्या कशाने किती टन वाढले हे वेगळं काढणं सोपं नाही. ज्याच्या शेतात अजून पाटपाणी आहे आणि माती परीक्षण झालेलं नाही, त्याने पहिला पैसा ठिबक आणि माती परीक्षणावर घालावा. पाणी कमी-जास्त करायची सोयच नसेल तर "आज २० मिनिटं कमी द्या" हा सल्ला मिळून उपयोग काय?

उसापेक्षा दुसऱ्या पिकांत सेन्सर जास्त उपयोगी आहेत का?

द्राक्षात नक्कीच. गोडी (फळ धरण्यासाठीच्या) छाटणीनंतर पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान काय होतं, यावर केवडा रोग येणार की नाही हे ठरतं. पानाच्या ओलीचा सेन्सर तेवढंच मोजतो आणि एखादी फवारणी वाचली तरी त्याचा खर्च निघायला लागतो. उसात असा रोजच्या निर्णयाचा प्रसंग कमी येतो, म्हणून पैसे परत यायला वेळ लागतो.

ड्रोनने फवारणी करावी का?

मोठ्या बांधणीनंतर उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरता येत नाही, तिथे ड्रोन उपयोगी आहे. दहा लिटरच्या टाकीत साधारण एक एकर दहा मिनिटांत होतो. तांबेरा, पांढरी माशी, पोक्का बोईंग (शेंड्याचा बुरशी रोग), पानांवरून द्यायची अन्नद्रव्यं यांसाठी वापरा. हुमणी जमिनीत असते, तिला ड्रोनचा उपयोग नाही. चालवणाऱ्याकडे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. वारा असेल तर थांबा, शेजारी भाजीपाला किंवा द्राक्ष असेल तर तणनाशक ड्रोनने मारूच नका. बचत गटातल्या महिलांसाठी नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत आहे. तुमच्या भागात असा गट असेल तर पहिलं काम त्यांना द्या.

माझ्या शेताची माहिती कंपनीकडे जाते. त्याचं काय?

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: माहिती आणखी कोणाला दिली जाईल, करार संपल्यावर मागचे आकडे मला मिळतील का, आणि वर्गणी बंद केली तर यंत्रावरच आकडा दिसत राहील की सेन्सर मुका होईल. वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. पण शेतातला ओलावा आणि उत्पादनाचे आकडे कोणाचे, हे करारातच स्पष्ट केलेलं बरं.

यंत्र आलं की ऊसतोड मजुरांनी काय करायचं?

हा प्रश्न शेतकरी कमी विचारतात, आणि तो विचारला गेला पाहिजे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसं दरवर्षी मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कोयत्यावर येतात. पोरांच्या शाळा बुडतात, बाया पहाटे चारला फडात उतरतात. बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं तेव्हा या कामाची किंमत कोण मोजतंय ते सगळ्यांना दिसलं. हे काम माणसाच्या पाठीवरून उतरलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ते उतरताना त्या घराची चूल विझता कामा नये. ऑपरेटर, इनफिल्डरचे चालक, पाती बदलणारे, मेकॅनिक ही नवी कामं त्याच कुटुंबांतल्या मुला-मुलींना शिकवून द्यायला हवीत. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्याच्या कामात हे प्रशिक्षण यायला हवं. तुम्ही कारखान्याचे सभासद असाल तर यंत्रासाठी अनुदान मागताना सोबत हीही मागणी करा. आणि अनेक शेतांत कोयता अजून बरीच वर्षं राहणार आहे. तोवर फडात येणाऱ्या टोळीला पिण्याचं पाणी, सावली आणि बायांना आडोसा देणं आपल्याच हातात आहे.

यंत्र उद्या येणार आहे. आज काय करू?

शेताची एक फेरी मारा. तारा, पाइप, खांब, व्हॉल्व्ह यांवर खुणा आहेत का बघा, ठिबकच्या नळ्या आणि सेन्सर काढून घ्या. सेन्सरची जागा खुंटी ठोकून नोंदवा, म्हणजे खोडव्यात तो त्याच ठिकाणी बसवता येईल. कडेच्या ओळी तोडून वाढी घरी आणा. ट्रक उभा राहील तिथली जमीन टणक आहे का ते तपासा. यंत्रमालकाला फोन करून पात्यांचा जादा संच सोबत आहे का विचारा, नसेल तर तो घेऊन येईपर्यंत तोडणी सुरू करू देऊ नका.